साडेसतरा फुटांची गाडी आणि चाळीस शब्द

"आधी बांगड्या काढ."

लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातल्या एका घराच्या गॅरेजसमोर मी कॅमेरा गळ्यात अडकवून उभी होते. समोर पंच्याहत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ होते. नमस्कार-चमत्कार नंतर, आधी माझ्या हातांकडे बोट. बांगड्या, घड्याळ, अंगठी, सगळं काढून पर्समध्ये टाकलं. मंगळसूत्र कुडत्याच्या आत गेलं. कमरेच्या पट्ट्याचं बक्कलसुद्धा त्यांनी तपासलं. मग कुठे गॅरेजचं शटर वर गेलं आणि आतली गाडी दिसली.

१९६४ ची शेवरोले इम्पाला. साडेसतरा फूट लांब. रंग पिकलेल्या जांभळासारखा, पण आत कुठेतरी दिवा लावल्यासारखा. गाडी इतकी खाली बसलेली, की तिच्या पोटाखालून वर्तमानपत्रसुद्धा सरकलं नसतं.

"हं," ते म्हणाले, "आता बघ."

या गॅरेजपर्यंत मी कशी पोहोचले, ते आधी सांगायला हवं.

वडोदऱ्याहून निघालेली गोष्ट

वडोदऱ्याला दांडिया बाजारात आमचा छोटा फोटो स्टुडिओ आहे. सासऱ्यांनी सुरू केलेला, आता मी आणि माझे यजमान चालवतो. लग्नं, मुंजी, पासपोर्टचे फोटो. हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असल्यामुळे पासपोर्टचे फोटोच जास्त.

२०२३ च्या जानेवारीत आमच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. मी हौसेने तीन दिवस फोटो काढत फिरले. त्यातले दोन फोटो गाड्यांविषयीच्या एका इंग्रजी मासिकाने विकत घेतले. लग्नाच्या अल्बमच्या मानाने पैसे अगदीच किरकोळ होते, पण छापलेल्या फोटोखाली बारीक अक्षरांत माझं नाव होतं. ते पान मी किती वेळा उघडून पाहिलं, ते सांगायला नको.

पुढच्या वर्षी लेकीकडे लॉस एंजेलिसला जायचं ठरलं, तेव्हा त्या संपादकांना कळवलं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं. 'तिथल्या कस्टम गाड्यांचे फोटो आणा. चांगले असतील तर बघू.'

कस्टम गाडी म्हणजे कारखान्यातून आली तशी न ठेवता मालकाने आपल्या मनासारखी बदललेली गाडी. राजवाड्यातल्या गाड्यांचं मोल त्या किती मुळाबरहुकूम आहेत यावर ठरत होतं. इथे नेमकं उलट. मालकाने काय बदललं, किती निगुतीने बदललं, त्यावर सगळं.

पर्यटक व्हिसावर तिथे कमाई करता येत नाही, हे माहीत होतं. फोटो काढायचे आपल्या आनंदासाठी आणि विकले गेले तर भारतात परतल्यावर, असं ठरवून मी जून २०२४ मध्ये विमानात बसले.

बरबँकची शुक्रवारची रात्र

पहिल्याच शुक्रवारी लेक आणि जावई मला बरबँकला घेऊन गेले. तिथे रिव्हरसाइड ड्राइव्हवर 'बॉब्ज बिग बॉय' नावाचं १९४९ सालचं उपाहारगृह आहे. दारात चौकड्यांची पँट घातलेला, हातात बर्गर धरलेला गुबगुबीत मुलाचा पुतळा. दर शुक्रवारी संध्याकाळी तिथल्या पार्किंगमध्ये जुन्या आणि बदललेल्या गाड्या जमतात. मालक घरून आणलेल्या घडीच्या खुर्च्या टाकून बसतात, येणारे-जाणारे गाड्यांभोवती फिरतात. आपल्याकडे गणपती बघायला निघाल्यासारखं वातावरण.

मी दोनशेच्या वर फोटो काढले. घरी येऊन लॅपटॉपवर पाहिले आणि हिरमुसले. एकाही फोटोत गाडी धड नव्हती. कुठे चमकत्या बॉनेटवर निऑनच्या पाटीची रेघ, कुठे दारावर फोन धरलेले चार हात, कुठे टपातून उगवलेला दिव्याचा खांब. आणि जवळजवळ प्रत्येक गाडीच्या अंगात एक नारिंगी डाग. तो माझा कुडता होता!

गाडी म्हणजे चाकांवरचा आरसा असतो, हे मला त्या रात्री कळलं. नवरीचा चेहरा प्रकाश घेतो. गाडीचा पत्रा प्रकाशाबरोबर सगळा परिसर घेतो. म्हणून गाड्यांचे फोटोग्राफर काळे कपडे घालतात. दुसऱ्याच दिवशी लेकीच्या कपाटातला काळा टी-शर्ट मी ताब्यात घेतला.

जावयाने मग मला विल्शर बुलेव्हार्डवरच्या पीटरसन ऑटोमोटिव्ह म्युझियममध्ये नेलं. लाल भिंतींवर स्टीलच्या लाटा गुंडाळल्यासारखी ती इमारत लांबूनच ओळखू येते. ज्यांच्या नावाने ते उभं आहे, ते रॉबर्ट पीटरसन काही गाड्यांचे कारखानदार नव्हते. ते मासिकवाले होते. जानेवारी १९४८ मध्ये त्यांनी 'हॉट रॉड' नावाचं मासिक काढलं, किंमत २५ सेंट. गॅरेजमध्ये रात्री जागून गाड्या बदलणाऱ्या पोरांना तोवर लोक टवाळ समजत. मासिकात फोटो आले आणि तीच पोरं कारागीर ठरली.

त्यातून एक धंदाच उभा राहिला. मासिकांना दर महिन्याला गाड्या हव्यात, मालकांना पान हवं आणि मधे कॅमेरा घेतलेला माणूस. टीव्हीवरच्या 'बॅटमॅन' मालिकेची गाडी घडवणारे जॉर्ज बॅरिस तर स्वतःच कॅमेरा चालवायचे आणि गाड्यांचे फोटो, लेख मासिकांना द्यायचे. आपलं काम जगाला दिसावं, तर आधी त्याचा फोटो चांगला हवा, हे त्यांनी ओळखलं होतं.

खाली आणि हळू

माझी निराशा पाहून लेकीने ऑफिसमधल्या मैत्रिणीजवळ विषय काढला. ती मैत्रीण मेक्सिकन कुटुंबातली. ती हसली आणि म्हणाली, "माझ्या पप्पांकडे एक आहे."

अशी मी त्या गॅरेजसमोर आले. त्यांना मी मनातल्या मनात काका म्हणायला लागले. ते मला 'मिहा' म्हणायचे. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ 'माझी पोर'. बावन्नाव्या वर्षी कोणी पोर म्हटलं की बरं वाटतं.

काकांची गाडी 'लोरायडर' जातीची. जमिनीला टेकेल इतकी खाली आणि पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने जाणारी. बाकी अमेरिका वेगामागे धावत असताना इथल्या मेक्सिकन वस्त्यांनी उलटा हट्ट धरला. हळू जाऊ, म्हणजे सगळ्यांना नीट दिसू.

पण १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात नियम आला, की गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खाली येता कामा नये. पोलीस दंड करू लागले. पुढच्याच वर्षी रॉन अगिरे नावाच्या तरुणाने आपल्या कॉर्व्हेट गाडीला हायड्रॉलिक पंप बसवला. पोलीस दिसला की बटण दाबायचं, गाडी वर. तो गेला की पुन्हा खाली. काकांच्या डिकीत तोच प्रकार आहे. सामानाच्या जागी क्रोमने मढवलेले पंप आणि बॅटऱ्यांची ओळ, दागिन्यांच्या दुकानासारखी.

इथल्या व्हिटियर बुलेव्हार्डवर शनिवार-रविवारी अशा गाड्यांची रांग लागायची. नंतर त्यावरही बंदी आली. १ जानेवारी २०२४ पासून राज्याच्या नव्या कायद्याने खाली बसवलेल्या गाड्या आणि अशा फेरफटक्यांवरची बंदी उठवली. म्हणजे मी गेले तेव्हा काका जेमतेम सहा महिने राजरोस फिरत होते.

"तुमच्याकडे गाडी अशी बदलता येते?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, की आमच्या मोटार वाहन कायद्यातलं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. मग फोनवर त्यांना आपले ट्रक दाखवले. मोर, कमळं, आरशाचे तुकडे, मागे लोंबणारे काळे गोंडे. काका बराच वेळ पाहत राहिले. "हे आमचेच भाऊबंद," ते म्हणाले.

सीट कोणी शिवले?

मी गाडीचं दार उघडायची परवानगी मागितली. आत पूर्ण मखमल. गडद जांभळी, बटणं दाबून चौकटी पाडलेली. प्रत्येक चौकट शेजारचीइतकीच. कोपऱ्यावर जिथे कापड वळतं तिथे सहसा चुणी पडते. इथे एकही नव्हती. मी स्वतः ब्लाऊज शिवणारी बाई, त्यामुळे नजर आधी तिथेच गेली.

"हे शिवणारा माणूस फार मोठा कारागीर आहे," मी म्हणाले.

काकांनी लगेच उत्तर दिलं नाही. त्यांची मुलगी हळूच म्हणाली, "आईने शिवलंय."

काकू कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायच्या. गाडी तयार व्हायला अकरा वर्षं लागली. रंग काकांच्या मित्राने दिला, पंप काका आणि त्यांच्या धाकट्या भावाने बसवले. सीट शिवणाऱ्याने सांगितलेली रक्कम परवडेना, तेव्हा काकू म्हणाल्या, मी करते. कारखान्यातून आल्यावर रात्री, याच गॅरेजमध्ये. पहिलं सीट दोनदा उसवलं. कोपऱ्यात अजून त्यांचं शिलाई मशीन आहे, वर कापड टाकून ठेवलेलं.

२०१९ च्या शरद ऋतूत एका मासिकाचा फोटोग्राफर आला. दिवसभर फोटो काढले. काकांनी फॉर्म भरून दिला. कस्टम गाडीवर लेख येतो तेव्हा शेवटी एक चौकट असते. रंग कोणाचा, इंजिन कोणी जोडलं, पंप कोणी बसवले, सीट कोणी शिवले. त्या चौकटीत काकूंचं नाव येणार होतं. काकू रोज पोस्टाची पेटी उघडून बघायच्या, अंक यायला महिने असले तरी.

डिसेंबर २०१९ मध्ये बातमी आली. अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रकाशन कंपनीने गाड्यांवरच्या आपल्या २२ मासिकांपैकी १९ मासिकांची छपाई बंद करायचं ठरवलं. काकांची गाडी ज्यात येणार होती ते त्यांतलंच. कोणतं, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. फोटोग्राफरने चार फोटो फोनवर पाठवले, तेवढेच. पुढच्या वर्षी काकू गेल्या.

"फोनमध्ये आहेत ना फोटो," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"फोनमध्ये सगळ्यांचेच असतात, मिहा," काका म्हणाले.

जूनचं मळभ

लॉस एंजेलिस म्हणजे लख्ख ऊन असं आपल्याला वाटतं. पण जूनमध्ये समुद्रावरून ढगांची चादर येते आणि दुपारपर्यंत हटत नाही. तिथले लोक तिला 'जून ग्लूम' म्हणतात, म्हणजे जूनची उदासी. पर्यटक वैतागतात. माझ्यासाठी मात्र ती आकाशभर ताणलेली पांढरी छत्री होती.

काकांच्या गाडीचा रंग 'कँडी' पद्धतीचा. खाली चंदेरी थर, त्यावर पारदर्शक जांभळ्या रंगाचे पातळ हात आणि वर स्वच्छ चकाकी. प्रकाश आतपर्यंत जाऊन चंदेरी थरावरून परततो, म्हणून गाडी आतून उजळल्यासारखी दिसते. कडक उन्हात हे सगळं पांढऱ्या ठिपक्यांत जळून जातं. मळभात रंग बोलतो.

रविवारी सकाळी सात वाजता काकांच्या ओळखीच्या एका गोदामामागच्या मोकळ्या आवारात आम्ही गेलो. मालकाची परवानगी घेतली होती. मागे साधी राखाडी भिंत. ना खांब, ना पाटी. बरबँकला केलेल्या चुका मी एकेक करून खोडत गेले. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर न धरता हेडलाइटच्या उंचीवर, म्हणजे मी चक्क जमिनीवर बसलेली. जवळून मोठ्या कोनाच्या लेन्सने फोटो काढला तर गाडीचं नाक फुगतं, म्हणून लांब जाऊन लांबची लेन्स. पुढची चाकं थोडी वळवलेली, म्हणजे तारांची रिम पूर्ण दिसते. नंबर प्लेट झाकलेली. काचेवरची चमक कमी करायला पोलरायझर, पण तो जास्त फिरवला तर रंगाचा जीव जातो, म्हणून बेताने.

काकांनी बटण दाबलं आणि गाडीचं नाक वर उचललं गेलं. "लवकर काढ, हळूहळू उतरते ती," ते ओरडले. लग्नात अक्षता पडायच्या क्षणी जशी धांदल होते, तशी माझी झाली.

पुढून तिरकी, मागून तिरकी, बाजूने सरळ, इंजिन, डिकी, स्टिअरिंग. यादीतलं सगळं झालं. मग मी दार उघडं ठेवून आतल्या सीटचे फोटो घेतले. शेवटी काकांना म्हटलं, तुम्ही गाडीत बसा.

ते चालकाच्या जागी बसतील असं मला वाटलं होतं. ते शेजारच्या सीटवर बसले आणि त्यांनी मखमलीवर हात ठेवला. कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही. मी एकदाच बटण दाबलं.

संध्याकाळी त्यांनी मला मागच्या सीटवर बसवून व्हिटियर बुलेव्हार्डवर नेलं. रस्त्यावर मोठी कमान आहे, तिच्याखालून आमची गाडी हळूहळू सरकली. फुटपाथवरची पोरं हात करत होती. एक आजी व्हीलचेअरवरून टाळ्या वाजवत होत्या. काकांनी मला १९६४ च्याच एका प्रसिद्ध गुलाबी इम्पालाची गोष्ट सांगितली. अंगभर गुलाबाची फुलं रंगवलेली 'जिप्सी रोझ'. २०१७ मध्ये ती वॉशिंग्टनमध्ये नॅशनल मॉलवर काचेच्या पेटीत मांडली होती. "याच रस्त्यावरची ती," ते म्हणाले. आवाजात असा अभिमान, जणू गल्लीतली मुलगी कलेक्टर झाली.

चाळीस शब्द

वडोदऱ्याला परतले. ४१२ फोटोंमधून १४ निवडले आणि संपादकांना पाठवले. शिवाय आणखी दोन मासिकांना. त्या दोघांचं उत्तर आलं नाही. आमच्या संपादकांनी आठ दिवसांनी फोन केला.

"फोटो उत्तम आहेत. पण ही गाडी आमच्या वाचकांना विकत घेता येणार नाही. सात-आठ पानं देता येत नाहीत. शेवटच्या पानावर एक फोटो घेतो. खाली चाळीस शब्द."

माझं मन खट्टू झालं. सात पानं मनात छापून झाली होती. लोरायडरचा इतिहास, हायड्रॉलिकची गंमत, जूनचं मळभ, किती काय लिहायचं होतं! दोन दिवस मी त्या चाळीस शब्दांत सगळं कोंबायचा प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी सगळं खोडलं. गाडीचं नाव, साल आणि गाव ठेवलं. उरलेल्या शब्दांत काकांनी २०१९ मध्ये भरलेली चौकट. रंग कोणाचा, पंप कोणाचे, सीट कोणाचे. सीटसमोर काकूंचं पूर्ण नाव.

संपादक म्हणाले, "अहो, ही नुसती नावं आहेत. वाचकाला यात काय?"

मी म्हणाले, "मानधन नाही दिलंत तरी चालेल, पण एवढं असंच राहू दे."

ते थोडं थांबले. मग म्हणाले, "मानधन देणार. राहू दे तसंच."

ती नावं मी इथे लिहीत नाही. काकांनी ती त्या एका पानासाठी दिली होती.

फोटो कुठला घेतला, ते तुम्ही ओळखलं असेल. काका शेजारच्या सीटवर आणि मखमलीवर त्यांचा हात. गाडीचा पुढचा भाग त्यात दिसतच नाही.

अंकाच्या दोन प्रती मी कुरिअरने पाठवल्या. कुरिअरचा खर्च मानधनापेक्षा जास्त झाला. यजमान हिशेबाच्या वहीत लिहिताना हसले, "असाच धंदा केलास तर स्टुडिओ लवकरच नफ्यात येईल!"

महिनाभराने लेकीने एक फोटो पाठवला, मैत्रिणीकडून आलेला. लॉस एंजेलिसमधल्या एलिझियन पार्कमध्ये रविवारी लोरायडर जमतात, तिथला. जांभळी इम्पाला उभी आहे. पुढच्या चाकाला टेकवून लाकडी फ्रेम ठेवली आहे आणि तिच्यात आमच्या मासिकाचं शेवटचं पान. एक लहान मुलगी वाकून ते वाचते आहे. काका कडेला उभे, हात मागे बांधलेले.

फोटो हललेला आहे, क्षितिज तिरकं आहे, कोपऱ्यात कोणाचा तरी अंगठा आला आहे. मी तो मोठा करून घेतला आणि स्टुडिओच्या काउंटरच्या काचेखाली लावला. पासपोर्ट फोटोला आलेली माणसं विचारतात, ही गाडी कोणाची? मग मी आधी सीट कोणी शिवले, ते सांगते.